डिफॉल्ट इन्स्टॉलेशनमध्ये कोणते सॉफ्टवेअर असावे, हे कसे ठरवावे

शाळेसाठी, ग्रंथालयासाठी किंवा एखाद्या कार्यालयासाठी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची आवृत्ती तयार करायला घेतली, की पहिली चर्चा मुळातच बसवून द्यायच्या सॉफ्टवेअरच्या यादीवर होते आणि ती यादी हा हा म्हणता फुगते. एकाला चित्रांसाठी गिम्प हवे असते, दुसऱ्याचे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाचून चालत नाही, तिसऱ्याच्या मते प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांसाठी कंपायलर असायलाच हवा. यांपैकी कोणाचेही म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण 'हे उपयोगी आहे का' या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी येते. डेबियन या लिनक्स आवृत्तीच्या जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती आणि त्यांतले प्रत्येक पॅकेज कोणाला तरी उपयोगी वाटले म्हणूनच तिथे पोहोचले होते. चाळणी म्हणून उपयुक्तता हा निकष कुचकामी आहे.

त्याऐवजी प्रत्येक पॅकेजबाबत वेगळा प्रश्न विचारावा: हे सॉफ्टवेअर मुळात नसेल, तर ज्याला ते हवे आहे त्याला ते स्वतःचे स्वतः मिळवता येईल का? येत असेल, तर ते यादीत घेण्यासाठी भक्कम कारण लागते. येत नसेल, तर ते हजारात एकालाच लागणारे असले तरी यादीत असावे. पुढची उदाहरणे मुख्यतः डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूची आहेत, कारण सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स आणि केरळच्या सरकारी शाळांसाठी काइट या संस्थेने बांधलेली ऑपरेटिंग सिस्टीम याच घराण्यातल्या आहेत, आणि आपल्याकडे कोणी स्वतःची आवृत्ती बांधायला घेतली तर ती बहुधा याच पायावर उभी राहते.

आधी यंत्रे, जोडणी आणि परवानगी

'स्वतःचे स्वतः मिळवता येईल का' याचे उत्तर जागेनुसार बदलते, म्हणून यादीला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. संगणकांची मेमरी आणि डिस्क किती आहे. इंटरनेट आहे का, असल्यास ते किती वेगाचे आणि किती भरवशाचे आहे. आणि नवे सॉफ्टवेअर बसवण्याचा पासवर्ड कोणाकडे आहे. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. घरच्या संगणकावर वापरणारा आणि मालक एकच असतो, त्यामुळे त्याला हवे ते सॉफ्टवेअर दोन मिनिटांत बसवता येते. शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थ्याकडे तो अधिकार नसतो, शिक्षकाकडेही बरेचदा नसतो, आणि ज्याच्याकडे असतो तो माणूस महिन्यातून एकदा येतो. अशा ठिकाणी पाठ्यक्रमाला लागणारे प्रत्येक सॉफ्टवेअर आधीपासूनच बसवलेले असणे रास्त ठरते, आणि म्हणूनच शाळांसाठीच्या आवृत्त्या घरगुती आवृत्त्यांपेक्षा जड असतात. तो जडपणा हा दोष नाही. मात्र शाळेसाठी केलेली यादी जशीच्या तशी उचलून ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या संगणकावर टाकली, तर तो नक्कीच दोष होतो.

पायाचा थर: डेबियनची प्राधान्ये

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला एक प्राधान्य दिलेले असते. 'रिक्वायर्ड' म्हणजे ज्याच्यावाचून यंत्रणा चालणार नाही किंवा दुरुस्तही करता येणार नाही. 'इम्पॉर्टंट' आणि 'स्टँडर्ड' हे त्यानंतरचे दोन थर. उरलेले बहुतेक सारे 'ऑप्शनल'. डेबियनच्या धोरण-दस्तऐवजात 'इम्पॉर्टंट' ठरवण्याची कसोटी मोठी मजेशीर आहे: युनिक्समध्ये मुरलेल्या माणसाला एखादा प्रोग्राम जागेवर दिसला नाही आणि तो 'हे काय चालले आहे, अमुक कुठे गेला?' असे उद्गारला, तर तो प्रोग्राम या थरात हवा. 'स्टँडर्ड' थराचे वर्णन त्याहून सरळ आहे. वापरणाऱ्याने दुसरे काहीच निवडले नाही तर जी आटोपशीर, पण फार तोकडी नसलेली, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारी यंत्रणा बसते, ती या थराने पूर्ण होते; मोठे अनुप्रयोग त्यात फारसे नसतात.

ही कसोटी चांगली असली तरी ती काळाबरोबर शिळी होते, हे डेबियननेच दाखवून दिले आहे. २०१७ साली आलेल्या डेबियन ९ मध्ये नेट-टूल्स हे पॅकेज 'इम्पॉर्टंट'वरून थेट 'ऑप्शनल'वर आणले गेले आणि नव्या इन्स्टॉलेशनमधून आयएफकॉन्फिग ही आज्ञा गायब झाली. नेटवर्कचा पत्ता पाहण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हीच आज्ञा वापरणाऱ्या जुन्या जाणत्यांनी 'ती कुठे गेली?' असे म्हटलेच. तरीही निर्णय योग्य होता, कारण तेच काम अधिक चांगले करणारी आयपी ही आज्ञा आधीपासून यंत्रणेत होती आणि ज्याला जुनी हवी त्याला ती एका ओळीत बसवता येत होती. पायाच्या थरात आपण सहसा ढवळाढवळ करू नये. ती यादी अनेक वर्षांच्या वादांतून घासून निघालेली आहे आणि तिच्यातून दोन-चार एमबी वाचवण्याच्या खटपटीत भलतेच काही मोडण्याची शक्यता जास्त असते.

याच्या दुसऱ्या टोकाला आर्च लिनक्स आहे. ऑक्टोबर २०१९ पासून तिच्या 'बेस' पॅकेजमध्ये कर्नेल, म्हणजे यंत्रणेचा गाभासुद्धा येत नाही, तो वापरणाऱ्याने वेगळा निवडायचा असतो. आर्च वापरणाऱ्याला हे शोभते, कारण त्याने ती निवडच त्यासाठी केलेली असते. तलाठी कार्यालयातल्या लिपिकाने तशी कोणतीही निवड केलेली नसते.

जे नसेल तर पुढचे काहीच मिळत नाही

यादीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच चर्चेत येत नाही, कारण त्यातल्या वस्तूंना मेनूमध्ये चिन्ह नसते.

वाय-फायच्या फर्मवेअरचे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, उदाहरण घ्या. पुष्कळ लॅपटॉपांतील वाय-फाय कार्डे निर्मात्याने दिलेले फर्मवेअर चढवल्याशिवाय चालू होत नाहीत, आणि ते फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियनने ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. परिणाम असा, की फर्मवेअर उतरवून घ्यायला इंटरनेट लागे आणि इंटरनेट चालू व्हायला फर्मवेअर. तत्त्वनिष्ठेपोटी वर्षानुवर्षे चाललेला हा पेच अखेर २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने सोडवला, आणि डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. तत्त्व मोडले असे ज्यांना वाटते त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण 'स्वतःचे स्वतः मिळवता येईल का' या कसोटीवर याहून स्वच्छ प्रकरण शोधून सापडणार नाही.

त्याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे घड्याळ जुळवणारी सेवा. संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली असते, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवतो, शिवाय पॅकेज भांडाराची सूचीही 'अजून वैध झालेली नाही' असे सांगून पॅकेजेस बसवणारा एपीटी हा प्रोग्राम काम नाकारतो. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की नेट चालत नाही. इंटरनेटवरून वेळ घेणारी छोटीशी सेवा आणि विश्वासू प्रमाणपत्रांचा संच, या दोन वस्तू कोणीही मागितलेल्या नसल्या तरी यादीत असल्याच पाहिजेत.

मराठीसाठी फाँट आणि टंकलेखनाची सोय याच सदरात येतात. देवनागरी फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात, आणि चौकोनांत लिहिलेली 'फाँट कसा बसवावा' ही सूचना कोणालाही वाचता येत नाही. लोहित देवनागरी हा मुक्त परवान्याचा फाँट एक एमबीच्याही आत बसतो. चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांचा नोटो संच मात्र कित्येक दहा एमबी घेतो. त्यामुळे पहिल्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही आणि दुसऱ्याबद्दल जरूर विचार करावा. फाँट निवडताना 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पहिल्यात ऱ चे अर्धे रूप आडव्या रेघेसारखे आणि दुसऱ्यात रफार डोक्यावर दिसला, तर फाँट मराठीसाठी चालेल. श आणि ल यांची मराठी वळणे भाषा 'मराठी' निवडल्यावर येतात का, हेही तेव्हाच पाहावे.

टंकलेखनाबाबत थोडे बारकाईने जावे लागते. देवनागरीची इन्स्क्रिप्ट मांडणी लिनक्सच्या कीबोर्ड-माहितीतच असते, तिला वेगळे काही बसवावे लागत नाही. पण मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय झालेल्यांना उच्चारानुसार टंकलेखन हवे असते, आणि त्यासाठी आयबस या टंकलेखन-व्यवस्थेबरोबर एम१७एन हे पॅकेज लागते. केवळ इन्स्क्रिप्ट ठेवून 'मराठीची सोय आहे' असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असले तरी व्यवहारात निम्म्या लोकांना बाहेर ठेवणारे आहे. दोन्ही ठेवावेत, 'एका कामाला एकच साधन' हा पुढे येणारा नियम इथे लागू करू नये.

सर्वांत निर्विवाद उदाहरण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे. ऑर्का आणि त्याला आवाज देणारे ई-स्पीक एनजी, ज्यात मराठीचाही समावेश आहे, हे वापरणारे लोक कोणत्याही मोजणीत थोडेच भरतील. पण दृष्टिहीन माणसाला ऑर्का बसवण्यासाठी पडदा वाचता यावा लागतो आणि पडदा वाचण्यासाठी ऑर्का लागतो. डेबियनचा इन्स्टॉलर तर याही पुढे जातो: सुरुवातीच्या मेनूवर इंग्रजी एस हे अक्षर दाबले, की पुढचे सारे इन्स्टॉलेशन बोलून दाखवले जाते. आपल्या आवृत्तीत ही सोय डिस्कची जागा वाचवण्यासाठी कापली जात असेल, तर दुसरे काहीही कापावे.

लोकप्रियतेचे आकडे कसे वाचावेत

डेबियनमध्ये पॉप्युलॅरिटी-काँटेस्ट नावाची व्यवस्था आहे. जे स्वखुशीने तिच्यात भाग घेतात त्यांच्या संगणकांवर कोणती पॅकेजेस आहेत, याची मोजणी ती करते आणि प्रत्येक पॅकेजसाठी 'बसवलेले' व 'नियमित वापरात असलेले' असे निरनिराळे आकडे देते. यादी ठरवताना हे आकडे समोर ठेवायचा मोह होतो आणि तो आवरावा. 'बसवलेले' या आकड्यात आधीच डिफॉल्टमध्ये असलेली पॅकेजेस आपोआप वर येतात, म्हणजे ते लोकप्रिय आहे म्हणून डिफॉल्टमध्ये आणि डिफॉल्टमध्ये आहे म्हणून लोकप्रिय, असा गोल फिरत राहतो. दुसऱ्या कोणत्या तरी पॅकेजच्या मागोमाग आलेल्या लायब्ररींचेही तेच. 'नियमित वापर' हा आकडा फाइल शेवटची केव्हा वाचली गेली यावरून काढलेला असतो, त्यामुळे तो ढोबळ आहे. शिवाय जे मोजणीत भागच घेत नाहीत त्यांच्यात नवखे लोक जास्त असणार, आणि डिफॉल्टची खरी गरज त्यांनाच असते. जाणकार माणूस पहिल्या तासात आपली यादी आपण बदलून घेतो.

या आकड्यांचा एक उपयोग मात्र चांगला होतो. एकाच कामाची दोन साधने समोर असतील आणि दोन्ही मिळवण्याजोगी असतील, तर 'बसवलेले' आणि 'वापरात' यांच्यातली तफावत पाहावी. जे पुष्कळ ठिकाणी बसलेले पण क्वचितच उघडले जाणारे आहे, ते कोणीतरी लादलेले आहे असे समजायला हरकत नाही.

जागा हा खर्चाचा सर्वांत लहान भाग

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली ती एका सीडीवर मावणारी होती. सातशे एमबीची ती मर्यादा एक प्रकारे वरदानच होती, कारण काही आत घ्यायचे तर काही बाहेर काढावे लागे आणि वाद मुद्द्यावर राही. एप्रिल २०१० च्या आवृत्तीतून गिम्प वगळले गेले, तेव्हा व्यावसायिक दर्जाचे हे साधन साधा फोटो कापणाऱ्याला डोईजड होते आणि सीडीवरची जागाही बरीच खात होते, ही दोन्ही कारणे पुढे आली. आरडाओरडा झाला, पण ज्यांना गिम्प हवे होते त्यांनी ते बसवून घेतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटूने सीडीची मर्यादा सोडली आणि त्यानंतर फुगण्याला कोणताच नैसर्गिक बांध उरला नाही. २०१८ मध्ये इन्स्टॉलरमध्ये 'किमान' असा पर्याय आला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तोच मूळ पर्याय ठरवण्यात आला, म्हणजे जवळपास अकरा वर्षांनी बांध पुन्हा घालावा लागला.

आज डिस्क स्वस्त असल्यामुळे 'असू द्या, काय जागा खाते?' हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खरा खर्च पुढे महिन्यामागून महिने चालतो. समजा, कक्षात ४० संगणक आहेत आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या सॉफ्टवेअरचे १५० एमबीचे अपडेट आले. प्रत्येक यंत्राने ते वेगळे उतरवले तर सहा जीबी खर्च झाले, आणि तेही कदाचित एकाच सकाळी, तास सुरू असताना. एपीटी-कॅशर-एनजीसारखा मध्यस्थ ठेवला तर हे एकदाच उतरते आणि तो ठेवावाच. पण बसवण्यात गेलेला वेळ आणि जुन्या यंत्रावरचा ताण तरीही राहतो.

याहून मोठा खर्च आपणहून चालू होणाऱ्या सेवांचा आहे. डेबियनमध्ये एखाद्या सेवेचे पॅकेज बसवले की ती सेवा लगेच चालूही होते. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या प्रिंटर शोधणाऱ्या सेवेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. ती यूडीपी ६३१ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्ककडे उघडणाऱ्या दारावर, कोणाचेही बोलणे ऐकून घेत होती आणि कित्येक डेस्कटॉपांवर ती आहे हे मालकालाही माहीत नव्हते. ज्याच्याकडे प्रिंटरच नाही त्यालाही सोय म्हणून हा धोका दिला गेला होता. म्हणून पक्का दंडक असा ठेवावा, की नव्याने बसवलेल्या यंत्रणेत बाहेरून येणारी जोडणी स्वीकारणारे एकही पोर्ट विनाकारण उघडे नसेल, आणि जे असेल त्याच्यापुढे कारण लिहिलेले असेल. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी आपल्या संकेतस्थळावर दीर्घ काळात 'डिफॉल्ट इन्स्टॉलेशनमध्ये' दूरवरून घुसता येण्याजोगी छिद्रे दोनच सापडली, अशी बढाई मारली आहे. तिच्यातले 'डिफॉल्ट इन्स्टॉलेशनमध्ये' हे शब्द महत्त्वाचे: आपण जे मुळात देतो त्याची हमी आपली, बाकी ज्याचे त्याने पाहावे.

हमी आली की ती निभावणारा माणूसही यावा लागतो. उबुंटूमध्ये डिफॉल्ट यादीतले पॅकेज 'मेन' या विभागातलेच असावे लागते आणि त्या विभागात नवे काही घेण्यापूर्वी त्याची देखभाल कोणता गट करणार, सुरक्षेच्या दृष्टीने ते कसे आहे, याची छाननी होते. आपल्या छोट्या आवृत्तीत एवढा सोपस्कार शक्य नसला, तरी प्रत्येक पॅकेजचा मूळ प्रकल्प अजून जिवंत आहे का, भांडारात ते कोण सांभाळते, हे तपासून घ्यावे. भलेमोठे नाव असले म्हणून निर्धास्त राहू नये. रेड हॅटसारख्या कंपनीनेही २०२३ मध्ये लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरची पॅकेजेस सांभाळण्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि फेडोरा या लिनक्स आवृत्तीमध्ये ती पुढे चालवायला स्वयंसेवकांना सरसावावे लागले.

परवान्याचा प्रश्न महाराष्ट्रात एका खास रूपात येतो. जुने दस्तऐवज युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले असतात आणि ते उघडावेत म्हणून कोणीतरी पेन ड्राइव्हवरून ते फाँट आणून प्रतिमेत, म्हणजे जिच्यावरून यंत्रणा बसवली जाते त्या फाइलमध्ये, घालायला सांगतो. त्यांतले बरेचसे विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले असतात आणि त्यांचे पुनर्वितरण करण्याचा अधिकार आपल्याला नसतो. ते डिफॉल्टमध्ये घालू नयेत. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन आणि ते कसे वापरावे याची पानभर सूचना द्यावी.

एका कामाला एकच साधन, आणि ते वारंवार बदलू नये

मेनूमध्ये तीन ब्राउझर आणि दोन व्हिडिओ प्लेअर दिसले, की नवखा माणूस निवड करत नाही, गोंधळतो. मदत करणाऱ्यालाही मग 'तुम्ही कशात उघडले?' इथून सुरुवात करावी लागते. म्हणून प्रत्येक कामाला एक साधन निवडावे आणि त्या साधनाचे मराठी भाषांतर, मदतीची पाने व प्रशिक्षण यांवर श्रम खर्च करावेत.

निवड झाल्यावर तिला चिकटून राहणे हेही तितकेच गरजेचे. उबुंटूने एप्रिल २०११ मध्ये गाणी ऐकण्यासाठी ऱ्हिदमबॉक्स काढून बॅन्शी आणले आणि बरोबर एका वर्षाने पुन्हा ऱ्हिदमबॉक्स ठेवले. दोन्ही प्रोग्राम चांगले होते. वापरणाऱ्यांना मात्र वर्षात दोनदा सवय बदलावी लागली. नवे साधन थोडेसे सरस आहे, एवढ्यावर बदल करू नये. जुन्याची देखभाल थांबली, त्यात दुरुस्त न होणारी सुरक्षात्रुटी आहे किंवा ते नव्या यंत्रणेवर चालतच नाही, अशी कारणे असतील तरच बदलावे.

यादी प्रत्यक्षात कशी बांधावी

सॉफ्टवेअर निवडून झाले, की त्यांची नावे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर ते का घेतले हे एका वाक्यात नोंदवावे. उबुंटूमध्ये अशा फाइलींना सीड म्हणतात आणि जर्मिनेट नावाचा प्रोग्राम त्यांतल्या नावांवरून, ती ज्यांच्यावर अवलंबून आहेत त्या पॅकेजांसह, पूर्ण यादी उगवून काढतो. ही विस्तारलेली यादी नजरेखालून घालणे अत्यावश्यक आहे. आपण तीस नावे लिहिलेली असतात आणि बसतात हजारावर, कारण २००९ च्या डेबियन ५ पासून एपीटी 'अवलंबून' पॅकेजांबरोबर 'शिफारस' केलेलीही आपोआप ओढून आणतो. ही शिफारशींची वाट सरसकट बंद करू नये, कारण बऱ्याच शिफारशी शहाणपणाच्या असतात. पण जे मोठे काही अनपेक्षितपणे आलेले दिसेल, ते कोणी ओढून आणले हे शोधून तेवढेच वगळावे.

ही यादी संगणकांपर्यंत पोहोचवण्यासाठी एक मेटापॅकेज बनवावे, म्हणजे ज्यात स्वतःचे काही नसून केवळ इतर पॅकेजांची नावे आहेत असे रिकामे पॅकेज. इथे एक चूक फार जण करतात. सगळी नावे 'अवलंबून' या सदरात घातली, तर एखाद्या शिक्षकाने पत्त्यांचा खेळ काढून टाकताच एपीटी मेटापॅकेजही काढून टाकतो, आणि पुढच्या वर्षी आपण यादीत काही नवे घातले तर ते त्या संगणकावर कधीच पोहोचत नाही. म्हणून ज्याच्यावाचून यंत्रणा निरर्थक ठरेल तेवढेच 'अवलंबून' मध्ये घालावे: फाँट, टंकलेखन, घड्याळ, प्रमाणपत्रे. लिब्रेऑफिस, ब्राउझर, खेळ आणि बाकी सारे 'शिफारस' या सदरात जावे, म्हणजे ते मुळात बसेल, पण ज्याला नको त्याला विनातक्रार काढता येईल. काढण्याची मोकळीक असेल तर डिफॉल्टबद्दलचे निम्मे भांडण संपते.

पाडून पाहण्याची चाचणी

तयार प्रतिमा आभासी यंत्रावर बसवावी, आणि शक्य असेल तर हाती असलेल्या सर्वांत जुन्या खऱ्या संगणकावरही. पहिले इन्स्टॉलेशन नेटवर्कची तार काढून करावे. यंत्र सुरू झाल्यावर मराठीत नाव दिलेली फाइल तयार करावी, तिच्यात दोन परिच्छेद टंकावेत, पीडीएफ काढावी आणि ती छापून पाहावी; या एवढ्या साध्या साखळीत फाँट, टंकलेखन, ऑफिस आणि प्रिंटर यांतले जे निसटले असेल ते उघडे पडते. नंतर नेटवर्क जोडून कोणती पोर्टे ऐकत आहेत ते एसएस या आज्ञेने पाहावे, आणि डिस्कवर कोण किती जागा घेते याची यादी उतरत्या क्रमाने काढून वरची वीस नावे वाचावीत. त्यांतल्या एखाद्या नावाचे कारण कोणालाच आठवले नाही, तर ते नाव कापण्याच्या रांगेत पहिले.

कापतानाही चाचणी लागते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज विकायला सांगितले. त्यातून निघालेल्या 'एन' आवृत्त्यांमध्ये पुढे असे दिसत आले, की मीडिया प्लेअरबरोबर गेलेल्या घटकांवर दुसरेच प्रोग्राम विसंबून होते आणि ते चालण्यासाठी वापरणाऱ्याला वेगळा मीडिया संच उतरवून बसवावा लागतो. लिनक्समध्ये पॅकेज व्यवस्थापक नोंदवलेले अवलंबित्व सांगतो, पण नोंद न झालेले सांगत नाही. डेबियन १२ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये यंत्रणेच्या नोंदी फाइलींत लिहिणारी आरसिसलॉग ही सेवा येत नाही, नोंदी जर्नल नावाच्या वेगळ्या व्यवस्थेत जातात. व्हार-लॉग निर्देशिकेतली सिसलॉग फाइल वाचणारी घरची जुनी स्क्रिप्ट अशा वेळी मोडते आणि कोणताही इशारा मिळत नाही. म्हणून काही वगळण्यापूर्वी आपल्या स्क्रिप्ट, प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि शिक्षकांच्या टिपणांत त्याचा उल्लेख आहे का, हे शोधावे.

हेही लक्षात घ्यावे, की डिफॉल्ट यादीतला बदल नव्या इन्स्टॉलेशनला लागू होतो. आवृत्ती बदलून पुढे आलेल्या जुन्या संगणकांवर वगळलेले पॅकेज तसेच पडून राहते, किंवा मेटापॅकेजच्या मांडणीनुसार 'आता गरज नाही' असे समजून आपोआप काढण्याच्या यादीत जाते. दोन्हींपैकी आपल्याकडे काय होणार आहे हे एका जुन्या यंत्रावर, प्रत्यक्ष काहीही न काढता, आधी करून पाहावे. प्रसिद्धीच्या टिपणात वगळलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव, वगळण्याचे कारण, त्याच्या जागी काय आहे आणि जुनेच हवे असल्यास ते बसवण्याची आज्ञा, एवढे चार तपशील द्यावेत. नवी मागणी घेऊन येणाऱ्यांसाठीही असाच छोटा अर्ज ठेवावा आणि त्यातला पहिला रकाना 'हे डिफॉल्टमध्ये नसेल तर नेमके कोणाचे आणि कसे अडेल' हा असावा. 'हे सॉफ्टवेअर फार चांगले आहे' एवढेच लिहिलेले अर्ज बसवण्याच्या सूचनेसह परत करावेत.